मुठीएवढा ॲम्प, गावभर बोभाटा

ऐकलंत का? नाही ऐकलंत? मग तोच तर प्रकार आहे! काही ऐकूच येत नाही, हीच तक्रार आहे.

ट्रॉम्ब्यात सध्या पोरं गिटार वाजवतात आणि आवाज येत नाही. मानखुर्द स्टेशनातून बाहेर पडा आणि थेट जेट्टीपर्यंत या. अणुशक्तीनगर घ्या, चिता कॅम्प घ्या, पायलीपाडा घ्या; पाठीवर गिटारची काळी पिशवी लटकवलेलं एखादं तरी कार्टं दिसणारच. पूर्वी अशा कार्ट्यावर शेजाऱ्यांचा डोळा असायचा. वरून काठी आपटली जायची, खालून बेल वाजायची, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीनंतर याचाच विषय निघायचा. आता शेजारी निवांत आणि घरचे हवालदिल! “दार लावून बसतो. हातात गिटार, कानात बोंडं. सूर म्हणून काही बाहेर येत नाही. नुसती टिकटिक, आणि मधूनच पाय आपटतो,” असं एक वहिनी भाजीच्या गाडीपाशी सांगत होत्या. ऐकणाऱ्या चौघींच्या चेहऱ्यावर तेव्हा जी काळजी उमटली, ती दहावीच्या निकालालासुद्धा उमटत नाही. एकीनं तर हळूच विचारलं, “डॉक्टरला दाखवलंत का?”

डॉक्टर काय करणार? सगळ्याचं मूळ एका डब्यात आहे. गिटारचा ॲम्प. तोही साधा नव्हे, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मावणारा, काही जातींचा तर मुठीत मावणारा. आणि हा डबा घ्यायचा कोणता, यावरून आमच्या या टोकाच्या गावात जी चौकशी, जी कुजबुज आणि जी भांडणं चालली आहेत, ती बघता सोयरीक जुळवणाऱ्यांनी शिकवणी लावावी. मुलाचा पगार किती, हे एका प्रश्नात उरकतं. इथे वॅट किती, इंच किती, सेल कोणते, हेडफोनला भोक आहे का, मोबाईल जोडता येतो का आणि मुख्य म्हणजे ‘टोन कसा आहे’. टोन! हा शब्द उच्चारताना पोरांचे डोळे अर्धे मिटतात. आईबापांनी कधी ‘अभ्यास’ शब्द असा उच्चारला नसेल.

आता ज्यांना या भानगडीचा गंधही नाही त्यांच्यासाठी सांगते. इलेक्ट्रिक गिटारला साध्या गिटारसारखं पोकळ पोट नसतं. अंग भरीव. तारांखाली चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे; हाच पिकअप. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत मिलिव्होल्टांत मोजावी इतकी वीज उठते. तिला कुणी तरी मोठं करायचं आणि स्पीकरमध्ये ढकलायचं. ते काम ॲम्पचं. ॲम्प नसेल तर ही दिमाखदार गिटार म्हणजे मुकी बाहुली. म्हणजे हजारो रुपये मोजून गिटार आणायची, आणि मग ती बोलावी म्हणून परत दुकानात जायचं! वडिलांना हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. तीच तर मेख आहे.

आणि हे घडतंय कुठे? ट्रॉम्ब्यात! जिथे आवाज लहान असणं हीच नामुष्की, तिथे. कोळीवाड्यात हळद असली की ब्रासबँड लागतो, आणि बँड म्हणजे असा की पलीकडच्या काठावर कुणाचं लग्न आहे ते कळावं. नारळी पौर्णिमेची मिरवणूक, गणपती, दहीहंडी यांत बेंजो पार्टी. बेंजोकडे नाक मुरडणाऱ्यांनी जरा इतिहास ऐकावा. हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंगाचं भावंड. मूळ पुरुष जपानचा: १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरितानं ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून. ते फिरत फिरत हिंदुस्थानात आलं, मुंबईच्या गल्ल्यांत शिरलं, कुणी तरी त्याला पिकअप लावला, वायर काढली, टेम्पोवर जनरेटर चढवला आणि जपान्याला घेरी यावी असा आवाज केला. २०१६ मध्ये रवी जाधवांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा अख्खा हिंदी सिनेमा काढला तो याच मंडळींवर. म्हणजे तार, चुंबक, ॲम्प आणि स्पीकर हे चौघे आमच्या गल्लीत कालपरवा आलेले नाहीत. फक्त ते चौघे मिळून आजवर भिंती हलवायचे. आता ते म्हणे पोराच्या कानात कुजबुजतात. जेट्टीकडचा एक जुना बेंजोवाला असा डबा हातात घेऊन उलटापालटा करत म्हणाला, “यो हाय काय? चावी कुठं द्यायची?” खेळणं वाटलं त्याला. मला त्याचं काही चुकलं असं वाटलं नाही.

पण खरी मौज वसाहतीच्या फाटकाच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. तिकडे अणुशक्तीनगरात, अणुकेंद्राच्या वसाहतीत, या डब्यावरून जे महाभारत चालतं ते ऐकून हे केंद्र उभारणाऱ्या होमी भाभांनी कपाळाला हात लावला असता. किंवा नसताही लावला. भाभांना स्वतःला पाश्चात्त्य अभिजात संगीताचं आणि चित्रकलेचं भारी वेड होतं, त्यांनी कदाचित ॲम्प मागवून वाजवूनच पाहिला असता. त्यांच्या डोळ्यांदेखत ४ ऑगस्ट १९५६ ला इथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, एक मेगावॅटची. १९८५ मध्ये ‘ध्रुव’ आली, ती शंभर मेगावॅटची. म्हणजे दहा कोटी वॅट! आणि त्याच वसाहतीत, जेवणाच्या टेबलावर, बाप आणि लेक कशावरून अबोला धरतात? तीन वॅट घ्यायचा की दहा.

लेक म्हणतो दहा. कारण वर्गातल्या कुणाकडे तरी दहाचा आहे. बाप ऑफिसात यंत्रं मोजण्यात हयात घालवलेला. तो पेपर बाजूला ठेवतो, चष्मा पुसतो आणि व्याख्यान लावतो: “हे बघ, शक्ती दुप्पट केलीस तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दसपट करायला हवी. एक वॅटच्या दुप्पट आवाज हवा तर दहा वॅट, आणि दहाच्या दुप्पट हवा तर शंभर.” लेक तोंड वेंगाडतो. आई स्वयंपाकघरातून म्हणते, “मग अर्धाच घ्या ना!” खरं सांगू? तिघांमध्ये तिचंच म्हणणं सगळ्यात शास्त्रशुद्ध आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, पलंगावर बसून, हातभर अंतरावर डबा ठेवून वाजवायचं असेल तर अर्धा वॅटसुद्धा पुरून उरतो. तीन वॅटचा बरा डबा पूर्ण सोडला तर हातभर अंतरावर नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. आता बोला! आणि वसाहतीत ‘दिवसा वाजव’ असं म्हणायचीही सोय नाही, कारण अणुभट्टी काही ऑफिसच्या वेळेत चालत नाही. शेजारचे काका रात्रपाळी करून आलेले असतात आणि सकाळी अकरा वाजता त्यांची मध्यरात्र असते.

वॅटच्या या भानगडीत एक बिचारा मात्र कायम दुर्लक्षित. स्पीकर. त्याचे इंच कुणी विचारत नाही, आणि सगळं पाप तर तिथेच आहे. रोलंडच्या मायक्रो क्यूब जीएक्समध्ये वॅट तीन, पण स्पीकर पाच इंची. पॉझिटिव्ह ग्रिडच्या स्पार्क गोमध्ये वॅट पाच, स्पीकर दोन इंची! कागदावर कोण मोठा? दोन वॅटनं दुसरा. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ८२ कंपनं होतात. दोन-तीन इंचाच्या पडद्यानं एवढी संथ हवा हलवायची कशी? तो ती हलवत नाहीच. वरचे उपस्वर तेवढे ऐकवतो आणि खालचा गायब स्वर आपला कान, भोळा बापडा, स्वतःच्या पदरचा घालून पुरा करतो. दोन इंची डबे बनवणारे हे जाणून असतात, त्यामुळे आतल्या आत इलेक्ट्रॉनिक लाली-पावडर भरपूर चढवतात. फोटोत छान दिसतात. वाईट वाजतात असंही नाही. पण जाड तार ओढून बघा आणि पाठोपाठ पाच इंची डब्यावर तीच ओढा. मग मला येऊन सांगा.

आता पंथ. हो, पंथ पडलेत. देवळात घंटा कुणी वाजवायची यावर नसतील एवढे.

पहिला पंथ चौकोनी सेलवाल्यांचा. नऊ व्होल्टचा तो ठोकळा, जिभेला लावून बघायचा. यांचा देव मार्शलचा एमएस-२. एक वॅट, मागे पट्ट्याला अडकवायची क्लिप. दिसायला हुबेहूब त्या थोरल्या मार्शलची बाहुली! तो थोरला म्हणजे १९६५ च्या सुमारास ‘द हू’ या बँडच्या पीट टाउन्सेंडला आणखी आवाज हवा म्हणून जिम मार्शलनं केलेला शंभर वॅटचा, आठ बारा-इंची स्पीकरांचा, माणसाहून उंच राक्षस. त्याचं हे कंबरेला लटकणारं पिल्लू. ऑरेंजचा क्रश मिनी याच पंथातला, पण तीन वॅटचा आणि अंगानं जरा धडधाकट. आणि सगळ्याच सेलवाल्यांचे आद्यपुरुष सत्तरच्या दशकातले पिगनोज. नाव ऐकून काकूंनी पदर तोंडाला लावला, कारण त्याचं आवाजाचं बटण खरोखरच डुकराच्या नाकासारखं आहे, दोन भोकांसकट. घरात आणायचं म्हणजे गोमूत्रच शिंपडायला हवं! ते जाऊ द्या. चौकोनी सेलचा खरा दोष वेगळा आहे. सहा पेन्सिल सेलांत जेवढी ताकद असते, तिच्या साधारण चौथाई त्या एका ठोकळ्यात. ठोकळा मान टाकायला लागला की आवाज आधी चिरका होतो, मग फाटतो, आणि पोरगं म्हणतं, “बाबा, ऐका, काय डिस्टॉर्शन आहे!”

दुसरा पंथ सहा सेलवाल्यांचा, म्हणजे मायक्रो क्यूब, बॉसचा कटाना मिनी, ब्लॅकस्टारचा फ्लाय. यातले लोक जरा संसारी असतात. चार्जर, जास्तीचे सेल, वेळच्या वेळी सेल बाहेर काढून ठेवणं, सगळं व्यवस्थित. कटाना मिनीला सात वॅट आणि चार इंची स्पीकर, अंगावर सरळ फिरवायची बटणं. मोबाईल नको, ॲप नको, पासवर्ड नको. माझं मत विचाराल तर नवशिक्याच्या घरात यातलाच एखादा यावा. विचारलं नाहीत तरी सांगितलंच. बटण फिरवलं की काय होतं, हे बोटांना कळायला हवं. बेसचं बटण जरा मागे घेतलं की भिंत घुमायची थांबते, गेन उतरवला की चुकलेली बोटं उघडी पडतात. हा धडा स्क्रीनवर शिकता येत नाही.

तिसरा पंथ म्हणजे ॲपवाले. यांचं काय सांगू! डबा एवढासा, आणि आत म्हणे जगातले सगळे ॲम्प. फेंडर हवा, फेंडर. मार्शल हवा, मार्शल. सगळ्यांच्या नकला आतली चिप करते, आणि मोबाईलवर लोकांनी बनवून ठेवलेले हजारो टोन उतरवून घेता येतात. परिणाम? संध्याकाळी सातला पोरगं रियाजाला बसतं आणि साडेआठपर्यंत टोनच उतरवत असतं. हातात गिटार, अंगठा मोबाईलवर. वाजवलं किती? एक कॉर्ड. तीही प्रत्येक टोनला एकदा, चव घेतल्यासारखी. जेवायला हाक मारली की, “थांब गं, रियाज चाललाय!”

चौथा पंथ सगळ्यात बदनाम, म्हणजे कानातल्यांचा. यांना स्पीकरच नको. व्हॉक्सचा ॲम्पप्लग किंवा २०२१ मध्ये आलेला फेंडरचा मस्टँग मायक्रो, काडेपेटीचा थोरला भाऊ म्हणावा एवढा, थेट गिटारच्या भोकात खोचायचा, त्यातून हेडफोनची वायर कानात. बस्स. सुरुवातीला ज्या वहिनी सांगितल्या त्यांचं पोरगं यातलं. बाहेरच्यांना ऐकू येते ती टिकटिक म्हणजे पिक तारेवर आपटल्याची, आणि ठपठप म्हणजे ताल धरलेल्या टाचेची. त्या टाचेची तक्रार खालच्या मजल्यावरून यायला लागली आहे हे वेगळं. मधूनच तो गातोही. कान बंद, त्यामुळे स्वतःचा सूर ऐकू येत नाही, आणि त्याच्या मनात तो स्टेजवर असतो. दाराबाहेर जे ऐकू येतं ते वर्णन करण्यासारखं नाही. एवढ्यासाठी तरी स्पीकर घ्यावा.

याच पंथातल्या काही अतिशहाण्यांनी वायरही सोडली आणि साधे ब्लूटूथचे हेडफोन लावले. लागली की नाही वाट! साध्या ब्लूटूथमधून आवाज कानी पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. गाणी ऐकताना कळत नाही. पण आपण तार छेडायची आणि सूर मागून येणार! दहावा हिस्सा म्हणजे स्पीकर चौतीस मीटर लांब ठेवून वाजवण्याइतका उशीर. एक मुलगा आठवडाभर स्वतःच्या तालाला दोष देत बसला होता, क्लासच्या सरांनीही दिला. शेवटी धाकट्या बहिणीनं वायरचे हेडफोन दिले आणि ताल जागेवर आला. सर त्यावर काही बोलले नाहीत.

एवढं सगळं कमी म्हणून की काय, वसाहतीत एक गुप्त पाचवा पंथ आहे. हे विकत घेतच नाहीत. हे ‘करतात’. बापाच्या कपाटात सोल्डरिंग आयर्न असणं हा आमच्याकडे संस्काराचा भाग आहे. ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवर जायचं (त्याला डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात हे फक्त पोस्टमनला ठाऊक), आणि एलएम३८६ नावाची आठ पायांची चिप मागायची. चणे-फुटाण्याच्या भावात मिळते. एक नऊ व्होल्टचा सेल, दोन-चार कपॅसिटर, एक बटण, एक जॅक, जुन्या रेडिओतला स्पीकर. चिप मुळात सिग्नल वीसपट करते. तिच्या पहिल्या आणि आठव्या पायांमध्ये दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की दोनशेपट. पोरांना अर्थातच दोनशेच हवं असतं. मग ते सगळं कंगव्याच्या नाही तर साबणाच्या डबीत कोंबायचं आणि झाकणाला भोकं पाडायची. मी असा एक डबा वाजताना ऐकला. निळी साबणाची डबी, भोकं सुईनं पाडलेली म्हणून वाकडीतिकडी, एका कोपऱ्यात अजून साबणाचा वास. अर्धाएक वॅट असेल. गेन पूर्ण. पोरानं तार ओढली आणि असा काही करकरीत, दात शिवशिवणारा, उर्मट आवाज आला की बाजूला उभ्या बापाचा चेहरा अभिमानानं फुलला. अभ्यासाबद्दल तो त्या दिवशी काही बोलला नाही. आईनं मात्र विचारलं, “साबण कुठे ठेवलास?”

आता काही जण म्हणतील, एवढ्याशा ॲम्पवर कुणी मोठं झालंय का? तर घ्या, ही जुनी पण खमंग. एरिक क्लॅप्टन. इंग्लंडचा जगप्रसिद्ध गिटारवाला. १९७० मध्ये मायामीच्या स्टुडिओत त्यानं ‘लैला’ गाणं रेकॉर्ड केलं ते फेंडरच्या चँप नावाच्या चिमुकल्या ॲम्पवर, घरी सराव करायला घेतात तसल्या. आणि ही लैला कोण? निजामीच्या लैला-मजनूवरून नाव घेतलं होतं, पण मनात होती मित्राची बायको! मित्र तरी कोण, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन! पुढे १९७९ मध्ये क्लॅप्टननं तिच्याशी, पॅटी बॉइडशी, लग्नही केलं. म्हणजे छोटा ॲम्प काय काय घडवू शकतो बघा. हे वसाहतीतल्या काकूंच्या कानावर गेल्यापासून चँपची चौकशी एकदम थंडावली आहे.

बरं, इतक्या चर्चेनंतर पोरं डबा घेतात कसा? मानखुर्दहून हार्बर लोकल, सीएसएमटी, तिथून पायी धोबी तलाव. तिथे १८६५ पासूनचं फुर्टाडोज आहे. आज्यांच्या पियानोपासून नातवाच्या पिकपर्यंत सगळ्यांनी तिथला उंबरठा झिजवलाय. जवळच ते रंगभवन, जिथे एके काळी इंडिपेंडन्स रॉकला अख्खी कॉलेजं लोटायची, आणि जे पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून गप्प झालं. त्याच्या शेजारीच कानात वाजणारे ॲम्प विकले जावेत, हा योगायोग की टोमणा ते तुम्हीच ठरवा.

दुकानातला देखावा तर बघण्यासारखा. पोरगं येतं, भिंतीवरची सगळ्यात महागडी गिटार मागतं, गेन पूर्ण, आवाज पूर्ण, आणि येते ती एकच ओळ भरधाव वाजवून दुकानाभर बघतं. डबा झकास वाजतो. वाजणारच! त्या गिटारला नि त्या आवाजाला कुठलाही डबा झकास वाजेल. घरी येऊन स्वतःची स्वस्त गिटार लावली, रात्री साडेनऊला आवाज दोनवर आणला, की तोच डबा सर्दी झाल्यासारखा बोलतो. जाणत्या माणसानं आपली गिटार आणि आपली लीड न्यावी, सगळी बटणं मधोमध ठेवावीत, टोन क्लीन ठेवावा आणि दुकानदार कंटाळेपर्यंत अगदी हळू वाजवावं. मोठ्यानं चांगले सगळेच बोलतात. मग हात तारांवर सपाट ठेवून नुसतं ऐकावं: फुसफुस किती, गुणगुण किती. दुकानातली पोरं अशा गिऱ्हाइकाला वैतागतात. वैतागू देत.

गुणगुण म्हणजे आणखी एक स्वतंत्र लफडं. आपली घरची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, आणि गिटारचा साधा सिंगल कॉइल पिकअप म्हणजे हवेतल्या चुगल्या ऐकायला टपलेला कान. जुनी ट्यूबलाईट, मोबाईलचा चार्जर, शेजारच्या खोलीतला मिक्सर, सगळ्यांचं तो ऐकतो आणि स्पीकरमधून ‘गूंऽऽ’ करून सांगून टाकतो. सेलवर चालणारा ॲम्प घेतला की भिंतीच्या प्लगमधून येणारा त्रास जातो, पण हवेतला राहतो. त्यावर उपाय फुकट आहे: गिटार घेऊन खुर्चीत हळूहळू गोल फिरायचं. एका दिशेला गुणगुण एकदम पडते. तिथेच थांबून वाजवायचं. म्हणूनच कुणाचा मुलगा भिंतीकडे तोंड करून, कोपऱ्यात रुसल्यासारखा गिटार वाजवताना दिसला तर लगेच घरात काय झालं म्हणून चौकशी करू नका. चौकशी झालेली आहे, आणि त्यातून जे गैरसमज पसरले ते निस्तरता निस्तरता एका कुटुंबाला सत्यनारायण घालावा लागला.

आणि आता ताजी बातमी. खात्रीची आहे, मासळी घेताना कळली. चावी कुठं द्यायची म्हणून विचारणारा तो बेंजोवाला आठवतोय? त्याच्या घरी नातू झालाय, तान्हं दुपारभर झोपतं, आणि हंगामाची सुपारी तर तोंडावर आलेली. तर म्हणे, काल तो वसाहतीतल्या एका पोराला फाटकाबाहेर गाठून बाजूला घेऊन गेला आणि खालच्या आवाजात विचारलं, बेंजोचा जॅक यात बसतो काय. बसला म्हणे! खाडीच्या काठावर होडीत बसून, कानात वायर घालून, त्यानं तासभर वाजवलं. टिकटिक सोडून कुणाला काही ऐकू आलं नाही. बायको घाबरून बघायला गेली.

हे ऐकून भाजीच्या गाडीपाशी एकदम शांतता झाली. मग ‘डॉक्टरला दाखवलंत का’ म्हणणाऱ्या बाईंनीच मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, “पण स्पीकर किती इंची घेणारेत ते?”